अनुभव आमचा, संघटना आमची, मग मतं त्याला कशी?

वाचकाचं पत्र (संक्षिप्त):
"वीस वर्षांहून जास्त काळ मी एकाच पक्षाचं काम करते. सतरंज्या उचलण्यापासून मतदार याद्या तपासण्यापर्यंत सगळं केलं. यंदा आमचा उमेदवार दोनदा निवडून आलेला, अभ्यासू, कामाचा माणूस. समोर टीव्हीवर बडबड करून नाव कमावलेला एक जण. पक्ष नाही, कार्यकर्ते नाहीत, जाहीरनामा दोन पानांचा. आम्ही त्याची एकूण एक खोटी विधानं लोकांपुढे मांडली. शेवटच्या आठवड्यात तर आमच्या कट्टर विरोधकांनीही आम्हाला पाठिंबा जाहीर केला. तरी तो मोठ्या फरकाने जिंकला. सगळ्यात लागलं ते हे की माझा सख्खा धाकटा भाऊ त्याच्या प्रचारात होता. आंधळा झालाय तो. मतमोजणीपासून आमचं बोलणं बंद आहे. लोकांनी अक्कल गहाण ठेवली आहे का? तो तोंडावर आपटेपर्यंत आम्ही नुसती वाट बघायची का? आणि भावाशी बोलायचं तरी काय?"
– एक जुनी कार्यकर्ती

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते चुकलं तर पुढचं सगळंच चुकेल. लोकांनी अक्कल गहाण ठेवलेली नाही. तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे. तुमचा उमेदवार किती कामाचा यावर त्यात एक आख्खं पान आहे आणि समोरचा किती पोकळ यावर दीड. मतदारांना गेल्या काही वर्षांत तुमच्या पक्षाकडून काय हवं होतं आणि काय मिळालं, यावर एक ओळही नाही. रागावू नका. हरलेल्या पक्षांची बहुतेक चिंतन शिबिरं अशीच पार पडतात.

माझं म्हणणं असं आहे. 'हे सगळे चोर, मी एकटा तुमचा' असं म्हणत बाहेरून आलेला माणूस सहसा स्वतःच्या बळावर जिंकत नाही. प्रस्थापित त्याच्या आधीच हरलेले असतात, मतपेटीत ते दिसायचं तेवढं बाकी असतं. सत्ताधारी पक्ष आणि त्याचा जुना विरोधक यांच्यातला फरक मतदाराच्या लेखी संपला की मधली जागा रिकामी होते. तिथे येऊन कोण बसतं हा बराचसा योगायोग. कधी लष्करी अधिकारी, कधी कुलगुरू, कधी विनोदी नट.

व्हेनेझुएलाचं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पक्षाने शेवटच्या आठवड्यात जे केलं ते तिथल्या पक्षांनी आधीच करून पाहिलेलं आहे. १९५८ मध्ये तिथली हुकूमशाही संपली आणि मोठ्या पक्षांनी आपसात करार केला: निवडणुकीचा निकाल सगळ्यांनी मानायचा, आणि जिंकला म्हणून एकट्याने सगळं ओरपायचं नाही. करार वाईट नव्हता. त्या खंडात एकामागून एका देशात लष्कर सत्ता बळकावत असताना हा देश निवडणुका घेत राहिला. पण हळूहळू तेलाचा पैसा, सरकारी नोकऱ्या, कंत्राटं, कामगार संघटनांमधली पदंसुद्धा दोन पक्षांत वाटली जाऊ लागली. पैसा होता तोवर कुणी फार बोललं नाही. १९८० च्या दशकात तेलाचे भाव पडले. १९८८ च्या निवडणुकीत लोकांनी कार्लोस आंद्रेस पेरेस यांना पुन्हा निवडून दिलं, कारण सत्तरच्या दशकातली त्यांची पहिली कारकीर्द म्हणजे तेलाच्या सुगीचे दिवस. शपथ घेऊन महिना होत नाही तोच पेरेस यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला हवं तसं काटकसरीचं धोरण आणलं. पेट्रोल महागलं, बसभाडं वाढलं. २७ फेब्रुवारी १९८९ ला राजधानी काराकास आणि आसपास दंगल उसळली, लष्कर रस्त्यावर आलं, शेकडो माणसं मेली.

तीन वर्षांनी ह्यूगो चावेझ नावाच्या लेफ्टनंट कर्नलने बंड केलं आणि ते फसलं. साथीदारांनी शस्त्रं खाली ठेवावीत म्हणून सरकारने त्यांना टीव्हीवर बोलू दिलं. ते मिनिटभर बोलले असतील. आपली उद्दिष्टं तूर्तास साध्य झालेली नाहीत असं म्हणाले, आणि या बंडाची जबाबदारी माझी, असंही म्हणाले. एखादा माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहून फसलेल्या गोष्टीची जबाबदारी स्वतःवर घेतोय, हे त्या देशाला नवीन होतं. चावेझ तुरुंगात गेले, पण ते मिनिट लोकांच्या डोक्यातून गेलं नाही.

आता तुमच्या कामाचा भाग. १९९८ च्या निवडणुकीला वर्षभर अवकाश असताना चाचण्यांमध्ये पुढे होत्या त्या इरेने साएस. १९८१ च्या मिस युनिव्हर्स, पुढे काराकासमधल्या चाकाओ भागाच्या महापौर, चोख कारभारासाठी नावाजलेल्या आणि दोन्ही पक्षांपासून लांब. म्हणजे त्याही बाहेरच्याच. मग दोन जुन्या पक्षांपैकी एकाने, कोपेईने, त्यांना पाठिंबा दिला आणि त्यांनी तो घेतला. मतदार पाठ फिरवू लागले. मतदानाला काही दिवस उरले असताना दोन्ही जुन्या पक्षांचं धाबं दणाणलं. त्यांनी आपापले उमेदवार वाऱ्यावर सोडले आणि एन्रिके सालास रोमेर या तिसऱ्याच माणसामागे दोघं मिळून उभे राहिले. चाळीस वर्षं एकमेकांविरुद्ध मतं मागितलेले पक्ष! हे दोघे एकाच माळेचे मणी आहेत, असं चावेझ सांगत होते. पुरावा त्यांना शोधावा लागला नाही, तो घरपोच मिळाला. चावेझना ५६ टक्के मतं पडली. साएस यांना ३ टक्केही नाहीत.

तुमच्या कट्टर विरोधकांनी शेवटच्या आठवड्यात दिलेला पाठिंबा तुम्हाला आधार वाटला. मतदाराला तो काय वाटला असेल, आता तुम्हीच बघा.

ग्रीसमध्ये हेच आकड्यांत दिसतं. पासोक हा समाजवादी पक्ष २००९ मध्ये जवळपास ४४ टक्के मतं घेऊन सत्तेत आला. कर्जसंकट आलं, पगार-पेन्शनची कपात आली, आणि ज्या न्यू डेमोक्रसी पक्षाशी त्याचं आयुष्यभराचं भांडण, त्याच्याच सरकारात तो जाऊन बसला. देशहितासाठी, अर्थातच. जानेवारी २०१५ मध्ये त्याला ५ टक्केही मतं मिळाली नाहीत, आणि २००९ ला स्वतःच ५ टक्क्यांच्या खाली असलेला सिरिझा हा डावा पक्ष सत्तेत आला.

आंध्र प्रदेशात तेलुगू सिनेनट एन. टी. रामारावांनी मार्च १९८२ मध्ये पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये २९४ पैकी दोनशेच्या आसपास जागा घेतल्या. पडद्यावरचा देव म्हणून लोकांनी मतं दिली, असं आजही सांगितलं जातं. पण पडद्यावर देव ते कितीतरी वर्षं होतेच. मधल्या काळात बदललं ते वेगळंच. काँग्रेसने पाच वर्षांच्या आत त्या राज्याला दिल्लीहून चार मुख्यमंत्री दिले. त्यातल्या टी. अंजय्या यांचा राजीव गांधींनी हैदराबादच्या विमानतळावर चारचौघांत पाणउतारा केला. रामारावांनी तेलुगू स्वाभिमानाचा मुद्दा काढला तेव्हा तो लोकांना समजावून सांगावा लागला नाही.

तुम्ही दोन उमेदवारांची तुलना करता ती नोकरीच्या मुलाखतीसारखी: शिक्षण काय, अनुभव किती, आधीचं काम कसं. मतदार त्या दिवशी मुलाखत घ्यायला आलेच नव्हते. युक्रेनमध्ये १९ एप्रिल २०१९ ला कीव्हच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये अध्यक्षपदाचे दोन उमेदवार समोरासमोर आले. एकीकडे पेट्रो पोरोशेंको, विद्यमान अध्यक्ष, आधी मंत्रिपदं भूषवलेले, पूर्वेकडे युद्ध चालू असताना मोडकळीला आलेलं सैन्य पुन्हा उभं करणारे. दुसरीकडे वोलोदिमिर झेलेन्स्की, टीव्ही मालिकेत अचानक राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या शिक्षकाचं काम केलेले विनोदी नट. झेलेन्स्की म्हणाले, "मी तुमचा प्रतिस्पर्धी नाही. मी तुमच्याविरुद्धचा निकाल आहे." दोन दिवसांनी मतदान झालं आणि त्यांना ७३ टक्के मतं मिळाली. त्या ७३ टक्क्यांना या माणसाला राज्यकारभाराचा शून्य अनुभव आहे हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? शिक्षा सुनावणाऱ्याचं प्रगतिपुस्तक कुणी तपासत नाही.

पेरूतला १९९० चा प्रकार तर याहून बोलका. मारिओ वार्गास योसा, जगप्रसिद्ध कादंबरीकार, खरं तर स्वतःही राजकारणाबाहेरचेच. पण त्यांनी जुन्या उजव्या पक्षांशी आघाडी केली, आणि त्या आघाडीच्या संसदेच्या उमेदवारांनी टीव्हीवर जाहिरातींचा असा मारा केला की महागाईने पिचलेल्या देशाला ते श्रीमंतीचं प्रदर्शन वाटलं. महागाई म्हणजे किती, तर त्या वर्षी ती ७ हजार टक्क्यांच्या वर गेली. आल्बेर्तो फुजिमोरी हे कृषी विद्यापीठाचे माजी कुलगुरू ट्रॅक्टरवरून प्रचार करत हिंडत होते. घोषणा: प्रामाणिकपणा, तंत्रज्ञान, काम. मतदान अगदी जवळ येईपर्यंत चाचण्यांमध्ये त्यांचं नाव 'इतर' या रकान्यात होतं. पहिल्या फेरीत वार्गास योसा पुढे होते, दुसऱ्या फेरीत फुजिमोरींना ६२ टक्के मतं पडली. त्यांच्या जपानी वंशावर बोट ठेवून पाहिलं गेलं, तेही अंगाशी आलं. गोऱ्या उच्चभ्रूंच्या राजधानीने डोंगराळ खेड्यांना आणि झोपडवस्त्यांना कधी आपलं मानलं नव्हतं. त्यांना हा 'परका' जास्त जवळचा वाटला.

खोट्या विधानांबद्दल. त्याची दहा विधानं खोटी असतील, मी वाद घालत नाही. पण त्याचं अकरावं विधान होतं की तुम्हाला इथे कुणी विचारत नाही, आणि ते लोकांना खरं वाटत होतं. तुम्ही दहा खोडून काढलीत आणि अकराव्याला हात लावला नाहीत. मग ज्यांना अकरावं मनापासून पटलं होतं त्यांना वाटलं, हे एवढे तुटून पडतायत त्या अर्थी यांना झोंबलंय.

त्याचा उर्मटपणाही तुम्हाला वाटतो तसा त्याच्या विरोधात गेला नाही. जो माणूस संपादक, न्यायाधीश, उद्योगपती सगळ्यांना जाहीरपणे शिव्या घालतो, त्याला उद्या त्यांच्या पंगतीत पान मिळणार नाही, म्हणजे हा आपल्याला विकणार नाही, असं गणित मतदार मांडतो. (पान पुढे मिळतं, तो भाग वेगळा.) अर्जेंटिनाचे हावियेर मिले खासदार झाले तेव्हा दर महिन्याचा पगार सोडत काढून कुणाला तरी देऊन टाकायचे. स्टंटच तो. पण महागड्या स्टंटवर लोक स्वस्त आश्वासनापेक्षा जास्त विश्वास ठेवतात. २०२३ मध्ये त्यांच्यासमोर उमेदवार कोण होते, तर विद्यमान अर्थमंत्री सर्खिओ मासा. वार्षिक महागाई १४० टक्क्यांच्या पुढे असताना! मिलेंना जवळपास ५६ टक्के मतं पडली. प्रचारात यांत्रिक करवत नाचवणाऱ्या माणसाला लोकांनी निवडलं म्हणून जगभर आश्चर्य व्यक्त झालं. अशा महागाईत ज्या पक्षाला उभं करायला अर्थमंत्रीच सापडले त्याचं आश्चर्य मला जास्त वाटतं.

आणि हा 'बाहेरचा' नेहमी खरोखर बाहेरचा असतो असंही नाही. ब्राझीलचे जाइर बोल्सोनारो अध्यक्ष होण्याआधी २७ वर्षं तिथल्या संसदेत होते. इटलीत १९९४ ला सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी नवा पक्ष घेऊन उतरले आणि जिंकले, तेव्हा देशातल्या मोठ्या खासगी टीव्ही वाहिन्या त्यांच्याच होत्या. डोनाल्ड ट्रम्प यांच्याबद्दल काय सांगायचं! माणूस कुठून आला हे लोक फारसं बघत नाहीत, तो प्रस्थापितांना किती नकोसा आहे हे बघतात. त्यामुळे तुमच्या नेत्यांनी त्याच्याविरुद्ध काढलेलं प्रत्येक पत्रक त्याला प्रमाणपत्रासारखं लागू पडलं.

पैसा आणि प्रसिद्धीबद्दलही तुम्ही विचारलंय. ब्राझीलमध्ये टीव्हीवरची फुकट प्रचारवेळ पक्षांच्या संसदेतल्या ताकदीनुसार वाटली जाते. २०१८ मध्ये साओ पाउलोचे माजी गव्हर्नर जेराल्दो आल्कमिन यांनी पक्षांची मोठी मोट बांधून दर प्रसारणात साडेपाच मिनिटं मिळवली. बोल्सोनारोंना आठ सेकंद होते. निकाल लागला तेव्हा आल्कमिन ५ टक्क्यांच्या आत, आणि बोल्सोनारो पहिल्याच फेरीत ४६ टक्क्यांवर. पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीतल्या लाचखोरीच्या तपासात २०१४ पासून एकूण एक मोठ्या पक्षांची नावं येत होती. त्या पक्षांना पडद्यावर जितका जास्त वेळ, तितका लोकांचा संताप ताजा. सप्टेंबरमध्ये बोल्सोनारोंवर चाकूहल्ला झाला आणि बातम्यांमध्ये दिवसरात्र तेच राहिले, हेही खरं. एकाच कारणाने निवडणूक जिंकली असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मीही त्यात आले.

निवडणुकीच्या पद्धतीचाही वाटा असतो. २०१६ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी १७ जण रिंगणात होते. ट्रम्प यांच्या विरोधातली मतं फुटत राहिली, आणि जेब बुश यांच्या पाठीराख्यांनी उभे केलेले १० कोटींहून जास्त डॉलर मातीमोल झाले. पुढे मुख्य निवडणुकीत ट्रम्प यांना देशभरात हिलरी क्लिंटन यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मतं कमी होती. तीन राज्यांतल्या एकूण ८० हजारांहून कमी मतांनी त्यांना अध्यक्ष केलं. उलट १९९२ मध्ये रॉस पेरो या अब्जाधीशाला १९ टक्के मतं पडूनही अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात एकही मत मिळालं नाही. हरलेले बाहेरचे कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून ते नेहमी जिंकतात असा भास होतो. तुमच्याकडे फरक मोठा होता, तेव्हा पद्धतीच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

संघटना आमची, असं तुम्ही दोनदा लिहिलंय. ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे १९५० च्या दशकात २८ लाखांच्या आसपास सदस्य होते. २०२२ मध्ये नेता निवडताना ते पावणेदोन लाखांच्या आत आले होते. जगभरातल्या जुन्या पक्षांची कमी-अधिक हीच कथा आहे. पूर्वी कार्यकर्ता वरचं खाली सांगायचा तसं खालचं वर पोचवायचा. आता वरून मजकूर येतो आणि तुम्ही तो पुढे ढकलता. खरं सांगा, घरोघर फिरताना लोक दाराची कडी काढून 'या, बसा' म्हणत होते, की अर्धं दार उघडून 'हो हो, तुम्हालाच' म्हणत होते? वीस वर्षं बूथ सांभाळलेल्या बाईला यातला फरक कळतो. तुम्हाला तो कळला असणार. तो वर कुणी विचारला का? विचारला नसेल तर तुमची संघटना अजून पत्रकं वाटू शकते, पण तिला ऐकू येत नाही.

भावाचं. 'त्याला मत का दिलंस' हे विचारू नका. विचारलंत तर तो वकिली करेल, तुम्ही उलटतपासणी घ्याल, आणि जेवणाचं ताट तसंच राहील. विचारायचंच तर हे विचारा: आमच्यावरचा तुझा विश्वास कधी उडाला? कशावरून? आणि मग गप्प बसा. तुमच्यासारखीला हे फार जड जाईल, कारण त्याच्या उत्तरात दोन तपशील तरी चुकीचे असणार आणि ते दुरुस्त करायला तुमची जीभ शिवशिवणार. पहिल्या बैठकीत नका करू. बहुतेक तो एखादा जुना, लहानसा प्रसंग सांगेल: कुठल्या तरी कार्यालयात ताटकळत ठेवलं, कुठल्या पदावर कुणाचा तरी मुलगा आला, किंवा तुमच्याच नेत्याने भर सभेत त्याच्या प्रश्नाला हसून उत्तर दिलं. तो प्रसंग तुम्हाला आधीपासून ठाऊक असण्याची शक्यताही बरीच आहे.

आणि 'आंधळा' हा शब्द त्याच्या तोंडावर वापरला असेल तर बोलायला बसण्याआधी मागे घ्या. सप्टेंबर २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना टाकाऊ माणसांच्या टोपलीत टाकलं. समर्थकांनी तो शब्द टी-शर्टवर छापून मिरवला. अमेरिकेत दोनशेहून जास्त काउंट्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग) अशा आहेत ज्यांनी २००८ आणि २०१२ ला बराक ओबामांना कौल दिला आणि २०१६ ला ट्रम्प यांना. तिथल्या माणसांचे डोळे मधल्या चार वर्षांत गेले नव्हते. तुमचा भाऊही याआधी तुमच्याच उमेदवाराला मत देत होता ना?

वाट बघण्याविषयी माझं मत स्पष्ट आहे: तो आपटेल यावर विसंबू नका. एक तर आपटला म्हणून लोक तुमच्याकडे परत येतील असं नाही. अरविंद केजरीवाल यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये ४९ दिवसांत मुख्यमंत्रिपद सोडलं तेव्हा 'आम आदमी पक्ष संपला' असं दिल्लीतले जाणकार छातीठोकपणे सांगत होते. वर्षभरात त्या पक्षाने ७० पैकी ६७ जागा घेतल्या. ट्रम्प २०२० ला हरले आणि २०२४ ला परत आले. असे लोक हरतात ते बहुधा तेव्हा, जेव्हा तेच प्रस्थापित झालेले असतात. ग्वाटेमालात जिमी मोरालेस हे विनोदी नट २०१५ मध्ये 'ना भ्रष्ट, ना चोर' या घोषणेवर निवडून आले. दोन वर्षं होत नाहीत तोच त्यांच्या सख्ख्या भावावर आणि मुलावर गैरव्यवहाराचा खटला. केजरीवाल यांचा पक्षही २०२५ मध्ये २२ वर आला आणि ते स्वतः पडले, तेव्हा मुख्यमंत्री निवासस्थानावरच्या खर्चाचे प्रश्न त्यांना विचारले जात होते. पण त्याला दहा-बारा वर्षं गेली, ताई.

दुसरं, वाट बघताना काय काय मोडेल हेही बघावं लागतं. फुजिमोरींनी ५ एप्रिल १९९२ ला रणगाडे रस्त्यावर आणून संसदच बरखास्त केली. लोक चिडले का? बहुसंख्य लोकांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९९५ मध्ये ते पहिल्याच फेरीत पुन्हा निवडून आले. संसद वाचवायला कुणी आलं नाही, कारण ती आपली आहे असं लोकांना वाटणं कधीच थांबलं होतं. मानवी हक्कांच्या गुन्ह्यांसाठी फुजिमोरींना २५ वर्षांची शिक्षा झाली, पण ती २००९ मध्ये. तेव्हा तुमच्या या नव्या माणसाच्या प्रत्येक वाह्यात विधानावर पत्रक काढत बसू नका. निवडणूक यंत्रणेतल्या नेमणुका, न्यायालयांचे अधिकार, सरकारी हिशेबाची तपासणी यांना त्याने हात घातला तर त्या दिवशी मात्र कुणाचीही वाट न बघता रस्त्यावर या. रोज ओरडणाऱ्यांचं त्या दिवशी कुणी ऐकत नाही.

पक्षात आता 'आपणही तसंच आक्रमक बोललं पाहिजे' असं म्हणणारे निघतील. निघालेच असतील. त्यांना स्लोव्हाकिया सांगा. झेलेन्स्की निवडून आले त्याच्या तीनच आठवडे आधी, ३० मार्च २०१९ ला, तिथे झुझाना चापुतोवा राष्ट्राध्यक्ष झाल्या. वकील, आधी कुठल्याही पदावर निवडून न आलेल्या, एका कचरा डेपोविरुद्ध वर्षानुवर्षं लढलेल्या. आदल्या वर्षी तिथे भ्रष्टाचार उघड करणाऱ्या एका पत्रकाराचा आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचा खून झाला होता, देश पेटलेला होता. समोर सत्ताधाऱ्यांचा अनुभवी उमेदवार, युरोपीय आयोगाचे उपाध्यक्ष. चापुतोवांनी प्रचारात कुणालाही शिवी दिली नाही आणि त्यांना ५८ टक्के मतं मिळाली. लोकांना बाहेरचं माणूस हवं होतं. ते ओरडणारंच हवं अशी त्यांची अट नव्हती. प्रस्थापित पक्षाने आरडाओरडा उसना आणला तर लोक अस्सल मालाकडेच जातात.

सभागृहाची पहिली बैठक कधी आहे ते बघा. त्याच्या त्या दोन पानी जाहीरनाम्यातल्या कुठल्या गोष्टी तुमच्या पक्षाच्या जुन्या जाहीरनाम्यांत होत्या आणि तुम्ही केल्या नाहीत, याची यादी करा. निदान दोन-तीन सापडतील. त्या तो मांडेल तेव्हा उघड पाठिंबा द्यायला तुमच्या नेत्यांना भाग पाडा, आणि इतकी वर्षं आपण त्या का केल्या नाहीत हेही त्यांनी जाहीर सांगावं असा ठराव पक्षाच्या बैठकीत तुम्ही स्वतः मांडा. अनुमोदन मिळणार नाही कदाचित. इतिवृत्तात नोंद तरी होईल.